फ्लोरिडातील बंदूक-नियम: अधिकार राज्याचा, दंड नगरसेवकाला

बंदुकीबाबत नियम करण्याचा शहरांचा आणि काउंट्यांचा (आपल्या जिल्ह्यांसारख्या घटकांचा) अधिकार फ्लोरिडाच्या विधिमंडळाने १९८७ मध्येच काढून घेतला. बंदूक लपवून बाळगण्याचा परवाना राज्यभर एकाच निकषावर देण्याचा निर्णयही त्याच वर्षीचा. गावागणिक नियम बदलला तर परवानाधारक नकळत गुन्हेगार ठरेल, हा त्यामागचा युक्तिवाद रास्तच होता. १९९८ मध्ये मतदारांनी राज्यघटनेत दुरुस्ती करून काउंट्यांना थोडी मोकळीक दिली. लोकांना खुल्या जागेत विक्री होत असेल, उदाहरणार्थ बंदूक-प्रदर्शनात, तर काउंटी गुन्हेगारी नोंदींची तपासणी आणि बंदूक हाती देण्यापूर्वी सुट्ट्या वगळून ३ ते ५ दिवसांचा थांबा सक्तीचा करू शकते. परवानाधारकांना मात्र सूट आहे.

खरे भांडण २०११ च्या दुरुस्तीचे. त्या वर्षीच्या १ ऑक्टोबरपासून, जाणूनबुजून बंदुकीबाबत बेकायदा स्थानिक नियम करणाऱ्या लोकप्रतिनिधीला किंवा अधिकाऱ्याला व्यक्तिशः ५,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो; गव्हर्नरने त्याला पदावरून काढण्याची तरतूदही दुरुस्तीत केली गेली. दोषी ठरलेल्याच्या बचावाचा खर्च सरकारी तिजोरीतून करता येत नाही. बाधित व्यक्ती किंवा संघटना शहरावर दावा लावू शकते: भरपाई १ लाख डॉलरपर्यंत, वकिलाची फी वेगळी. वकिलाचा सल्ला घेऊन सद्हेतूने नियम केला, हा शहराचा बचाव ऐकला जात नाही.

राज्यभर एकच नियम ठेवण्यासाठी एवढ्याची गरज नव्हती. बेकायदा उपविधी न्यायालयात रद्द करून घेता येतच होते. दंडाच्या धाकाने शहरे कायद्याने सोडलेल्या जागेतही पाऊल टाकेनाशी झाली. ती जागा मुळातच अरुंद. बंदुकीच्या दुकानाला इतर दुकानांसारखाच भूवापराचा नियम लावता येतो, त्याच्यासाठी वेगळा कडक नियम करता येत नाही.

राज्याची राजधानी टॅलाहासी इथे उद्यानांमध्ये गोळीबारास मनाई करणारे जुने उपविधी रद्द न करता तसेच ठेवले होते. त्यावरून दावा झाला. ते नियमपुस्तकात राहू देणे म्हणजे नव्याने जारी करणे नव्हे, असे अपील न्यायालयाने २०१७ मध्ये ठरवले. २०२१ मध्ये विधिमंडळाने कायदा आणखी आवळला: अलिखित धोरणही कक्षेत आले, आणि दावा लागल्यावर शहराने नियम मागे घेतला तरी दावा लावणाऱ्याच्या वकिलाची फी भरावीच लागते.

दरम्यान फेब्रुवारी २०१८ मध्ये पार्कलँडच्या शाळेत १७ जणांचा बळी गेला. कोरल गेबल्स शहराने अर्धस्वयंचलित रायफलींच्या विक्रीवर बंदीची तयारी केली आणि दंडाच्या भीतीने माघार घेतली. मग अनेक शहरे मिळून न्यायालयात गेली. त्यांचा मुख्य हल्ला दंडावर होता. २०१९ मध्ये ती जिंकली, २०२१ मध्ये अपिलात हरली, आणि जानेवारी २०२३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने दंड कायम केला. सप्टेंबर २०२५ मध्ये अपील न्यायालयाने बंदूक उघड बाळगण्यावरची राज्याची बंदीच घटनाबाह्य ठरवली. तिच्या जागी आपल्या बाजारपेठेपुरता किंवा उद्यानापुरता नियम करण्याची मुभा शहरांना नाही.