गुठळी ‘पातळ’ होत नाही

‘पोटातल्या मोठ्या रक्तवाहिनीत गुठळी आहे, रक्त पातळ करायचं इंजेक्शन चालू केलंय,’ असं डॉक्टरांनी सांगितलं की नातेवाइकांचा पुढचा प्रश्न ठरलेला: ‘मग विरघळायला किती दिवस लागतील?’ प्रश्न रास्त आहे, पण त्यात दोन वेगळ्या औषधांची गल्लत झालेली असते. माझ्या मते दोष ‘पातळ’ या शब्दाचा. आमटीत पाणी घातलं की ती पातळ होते. हेपॅरिनने, म्हणजे त्या इंजेक्शनने, रक्ताचं तसं काही होत नाही. ते फक्त लवकर गोठत नाही.

गोठण्याला आवर घालणारं अँटीथ्रॉम्बिन नावाचं प्रथिन आपल्या रक्तात असतंच. हेपॅरिन त्याचा जोर कितीतरी पटींनी वाढवतं. वॉरफेरिन किंवा आपल्याकडची ओळखीची अ‍ॅसिट्रॉमची गोळी यकृतात के जीवनसत्त्वाचं (‘क’ नव्हे, ‘के’) काम अडवते. रक्त गोठायला हे जीवनसत्त्व लागतं आणि पालेभाज्यांत ते भरपूर असतं. म्हणून तर मेथी-पालक रोज साधारण सारख्याच प्रमाणात खायला सांगतात आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो, ते सांगणारा तपासणीतला आकडा) बहुधा 2 ते 3 च्या दरम्यान ठेवतात. पण आधीच तयार झालेल्या गुठळीला यातलं कुठलंच औषध हात लावत नाही. ती वाढू द्यायची नाही, एवढंच त्यांचं काम. तेवढ्या उसंतीत प्लाझ्मिन हे शरीराचं स्वतःचं गुठळी तोडणारं प्रथिन तिला हळूहळू कुरतडतं.

खरंखुरं विरघळवणारी औषधं म्हणजे स्ट्रेप्टोकायनेज, अल्टेप्लेज वगैरे. ती प्लाझ्मिनच एकदम मोठ्या प्रमाणात तयार करवतात आणि गुठळीला धरून ठेवणारी फायब्रिनच्या धाग्यांची जाळी तोडतात. पहिल्या काही तासांत दिली, तर हार्ट अ‍ॅटॅकमध्ये ती जीव वाचवतात आणि गुठळीमुळे झालेल्या पक्षाघातात अपंगत्व टाळू शकतात. मग पोटातल्या त्या मोठ्या रक्तवाहिनीतल्या, म्हणजे महाधमनीतल्या, गुठळीला तीच का देत नाहीत?

कारण जागा वेगळी आहे. हृदयाची धमनी जेमतेम 3-4 मिलिमीटरची, तिथे छोटी गुठळीही वाट बंद करते. पोटातली महाधमनी साधारण 2 सेंटिमीटर रुंद. इथे गुठळी बऱ्याचदा एका बाजूने भिंतीला चिकटून असते आणि कधीकधी प्रवाहात डुलते. तिचं बूड आधी विरघळलं, तर अख्खा गोळा सुटून मूत्रपिंडात, आतड्यात किंवा पायात जाऊन बसेल. शिवाय ही औषधं नको ती आणि हवी ती गुठळी असा भेद करत नाहीत. मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून सहसा हेपॅरिनपासून सुरुवात करतात, आणि तुकडे सुटू लागले तर स्टेंट-ग्राफ्ट (धमनीत आतून बसवायची अस्तराची नळी) किंवा शस्त्रक्रियेचा विचार होतो. महाधमनी फुगून झालेल्या अन्युरिझममधल्या गुठळीच्या थराची गोष्ट निराळी: तिथे बहुतेकदा गुठळीपेक्षा फुगवट्याचं माप महत्त्वाचं असतं.

बेंबीच्या आसपास महाधमनी दोन्ही पायांकडे दुभंगते. हृदयातून सुटलेली गुठळी त्या दुबेळक्यावर खोगिरासारखी बसली, तर दोन्ही पाय एकदम थंड आणि पांढरेफटक पडतात, जांघेतली नाडी लागत नाही. इथे हेपॅरिन लगेच देतात, पण त्यावर भागत नाही. पाय वाचवायला हातात काही तासच असतात. मग जांघेतून बारीक नळी गुठळीच्या पलीकडे घालतात, टोकाचा फुगा फुगवतात आणि गुठळीसकट ओढून घेतात. ही युक्ती अमेरिकेतल्या थॉमस फोगार्टींची. त्यांनी पहिला फुगा केला तो सर्जनच्या हातमोज्याच्या बोटाचा, आणि तो नळीला बांधायला मासेमारीचे गळ बांधतानाच्या गाठी वापरल्या. 1963 मध्ये ही पद्धत प्रसिद्ध झाली.

अशा शस्त्रक्रियेनंतर काढलेली गुठळी कधीकधी नातेवाइकांना दाखवतात. ती पाहूनही घरी जाताना हातात अ‍ॅसिट्रॉमची चिठ्ठी पडते आणि लोक गोंधळतात: गुठळी तर निघाली, आता गोळी कशाला? हृदयाची लय अनियमित असेल, तर पुढची गुठळी तिथे पुन्हा तयार होऊ शकते. गोळी त्या पुढच्या गुठळीसाठी असते.