कॅनडाचा पीआर नाकारल्यानंतर पुन्हा अर्ज करताना

पीआरच्या, म्हणजे कायम निवासाच्या, अर्जाला नकाराचे पत्र आल्यावर महिन्याभरात जुनीच कागदपत्रे घेऊन नवी प्रोफाइल उघडणारे अर्जदार मी कोल्हापुरात बरेच पाहिले आहेत. तसे करायला कायद्याची मनाई नाही आणि नकारानंतर अमुक दिवस थांबावे असा सर्वसाधारण नियमही नाही. परंतु ज्या कागदावर पहिली फाईल अडली, तो कागद तसाच ठेवून केलेला दुसरा अर्ज म्हणजे शुल्काचा निव्वळ भुर्दंड. पुढील माहिती एक्स्प्रेस एंट्री या कॅनडाच्या गुणांवर चालणाऱ्या ऑनलाइन निवड पद्धतीतील फेडरल स्किल्ड वर्कर, म्हणजे कुशल कामगारांच्या, प्रवर्गापुरती आहे. त्यात आधी प्रोफाइल उघडायची आणि गुणांवर निमंत्रण आले तरच अर्ज भरायचा.

आपल्याकडे 'रिजेक्ट झाले' या एकाच शब्दात दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या जातात. आवश्यक कागद जोडलाच नसेल, तर अर्ज अपूर्ण म्हणून परत येतो. त्यावर निर्णय झालेला नसतो आणि शुल्क परत मिळते. अधिकाऱ्याने फाईल तपासून नकार दिला असेल, तर प्रक्रिया शुल्क बुडते आणि केवळ कायम निवासाच्या हक्कापोटी घेतलेली रक्कम परत येते. दोन्ही प्रकारांत जुने निमंत्रण मात्र उपयोगाचे राहत नाही. नवी प्रोफाइल, नवे निमंत्रण आणि त्या दिवशीच्या वयाचे गुण, असा सगळा प्रवास पुन्हा करावा लागतो, आणि तिशीपासून वयाचे गुण दर वाढदिवसाला घटत असल्यामुळे उगाच रेंगाळणेही परवडत नाही.

नकाराच्या पत्रात कारण असते, पण बहुधा साचेबद्ध ओळींत. अधिकाऱ्याला नेमके काय खटकले ते फाईलवरील त्याच्या नोंदींत सापडते. पूर्वी त्या मागवायला कॅनडातील कोणी तरी शोधावे लागे. जुलै २०२२ पासून कॅनडाबाहेरील व्यक्तीलाही स्वतःची माहिती तिथल्या गोपनीयता कायद्याखाली विनाशुल्क मागवता येते. या नोंदी वाचल्याशिवाय पुन्हा अर्ज करू नये.

इथेच मुदतीचा घोळ होतो. निमंत्रण आल्यावर अर्ज भरायला ६० दिवस असतात. कॅनडाबाहेर झालेल्या निर्णयाविरुद्ध तिथल्या फेडरल कोर्टात जायलाही, निर्णय कळल्यापासून, ६० दिवसच असतात. आकडा सारखा असल्याने नकारानंतर ६० दिवसांत नवा अर्ज केलाच पाहिजे, अशी समजूत करून घेऊन लोक धावपळ करतात. उलट ज्यांना खरोखर कोर्टात जायचे असते ते फाईलवरील नोंदींची वाट पाहत बसतात आणि मुदत निघून जाते. कोर्ट स्वतः पीआर देत नाही. निर्णय चुकीच्या पद्धतीने झाला असे ठरले तर फाईल दुसऱ्या अधिकाऱ्याकडे पाठवते, एवढेच.

आता मुख्य अडचण, म्हणजे अनुभवाचे पत्र. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एखाद्या फाउंड्रीत आठ वर्षे काम केलेल्या माणसाकडे 'यांनी आमच्याकडे समाधानकारक काम केले' असे दोन ओळींचे पत्र असते. कॅनडाला ते पुरत नाही. लेटरहेडवर पदनाम, सुरुवातीची आणि शेवटची तारीख, आठवड्याचे तास, वार्षिक पगार व इतर लाभ, प्रत्यक्ष कामाचे स्वरूप, आणि वरिष्ठाचे नाव, पद, सही व संपर्क हे सर्व हवे. मालक मंडळी तास आणि पगार लिहून द्यायला कचरतात, कारण हे पत्र उद्या आपल्याच विरुद्ध वापरले जाईल अशी भीती त्यांना वाटते. त्यांच्याशी भांडून उपयोग नाही. नमुना टाइप करून न्यावा आणि कशासाठी हवे ते समजावून सांगावे. तरीही पत्र मिळालेच नाही, तर नेमणूकपत्र, पगारपत्रके, फॉर्म १६, पीएफचे पासबुक, पगार जमा झाल्याचे बँक स्टेटमेंट आणि वरिष्ठ किंवा सहकाऱ्याचे प्रतिज्ञापत्र एकत्र करून, मूळ पत्र का मिळाले नाही याचा खुलासा जोडावा. अधिकारी ते मान्य करेलच असे नाही. पगार रोखीने घेतलेल्यांची अवस्था खरोखर कठीण होते.

कामाचे स्वरूप लिहिताना कॅनडाच्या व्यवसाय यादीतील वाक्ये जशीच्या तशी उतरवू नयेत. तसे पत्र अधिकाऱ्याला लगेच ओळखू येते. किमान अनुभव सलग एक वर्षाचा, म्हणजे आठवड्याला ३० तासांप्रमाणे १,५६० तासांचा लागतो. कारखान्यात ४८ तास भरले म्हणून ते वर्ष लवकर पूर्ण होत नाही.

दुसरी अडचण पैशांची, म्हणजे तिथे स्थिरावण्यापुरता निधी आपल्याकडे आहे हे दाखवण्याची. ऊसाच्या शेतीचा सातबारा कितीही मोठा असला, तरी जमीन किंवा घराची किंमत निधी म्हणून धरली जात नाही, आणि कर्जाऊ रक्कमही चालत नाही. बँकेच्या पत्रात खाते उघडल्याची तारीख, सध्याची शिल्लक, सहा महिन्यांची सरासरी शिल्लक आणि थकीत कर्जे असावी लागतात. वडिलांनी जमीन विकून रक्कम खात्यात भरली असेल, तर खरेदीखत आणि बक्षीसपत्र सोबत द्यावे, नाहीतर ती उसनवारी वाटते. किती निधी हवा ते कुटुंबसंख्येवर ठरते, आणि ती मोजताना सोबत न येणारे पती, पत्नी व अवलंबून असलेली मुलेही धरावी लागतात.

पूर्वीचा नकार लपवू नये. अर्जातील प्रश्न कोणत्याही देशाच्या कोणत्याही व्हिसाबद्दल असतो, त्यामुळे दहा वर्षांपूर्वी अमेरिकेचा पर्यटक व्हिसा नाकारला गेला असेल तर त्याचेही उत्तर 'होय' असेच आहे. नकार सांगितल्याने अर्ज बाद होत नाही, पण दडवल्याचे सिद्ध झाल्यास चुकीची माहिती दिल्याबद्दल पाच वर्षांची बंदी येते.

बाकी कागद नेहमीचे आहेत. आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा जनरल ट्रेनिंग प्रकारचीच हवी, तिचा निकाल दोन वर्षे चालतो. आपली पदवी कॅनडातील कोणत्या शिक्षणाच्या तोडीची ते सांगणारे मूल्यांकन पाच वर्षे चालते. गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि पासपोर्टवर वेगळ्या क्रमाने असेल, तर त्याचे प्रतिज्ञापत्र करून ठेवावे. गेल्या दहा वर्षांत दुबईत सलग सहा महिने काढले असतील, तर भारताच्या पोलीस दाखल्याबरोबर तिथलाही लागतो.

एजंटाकडे जायचेच असेल, तर त्याचे नाव कॅनडातील परवानाधारक सल्लागारांच्या सार्वजनिक नोंदवहीत आधी तपासावे. फाईलमध्ये त्याने खोटे अनुभवपत्र घातले, तरी बंदी अर्जदारावर येते, आणि 'मला माहीत नव्हते' हे उत्तर सहसा ऐकले जात नाही. म्हणून पोर्टलचा पासवर्ड पहिल्या दिवसापासून स्वतःकडे ठेवावा आणि अर्ज सादर होण्यापूर्वी त्यातले प्रत्येक पान स्वतः वाचावे.