फुटबॉलपटूचा करार: इनाम की खुराक?

केएसएचा, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनचा, फुटबॉल हंगाम तोंडावर आला की कोल्हापुरात खेळाडू नोंदणीची चर्चा रंगते. पाटाकडील, दिलबहार, प्रॅक्टिस, शिवाजी, खंडोबा, बालगोपाल हे तालमींचे संघ. कोण कुठल्या तालमीतून कुठे गेला, कुणाचं मानधन किती ठरलं आणि मग हमखास येणारा प्रश्न: गेल्या हंगामात त्यानं असं काय केलं की एवढे पैसे द्यावेत? मिरजकर तिकटीच्या कट्ट्यावर हाच प्रश्न रात्री सालाह आणि डी ब्रॉयन या युरोपातल्या बड्या खेळाडूंच्या बाबतीतही विचारला जातो. मात्र युरोपातले जाणते क्लब करार ठरवताना गेल्या हंगामाला आपल्याला वाटतो तेवढा भाव देत नाहीत. ते या वळणावर कसे आले, हे नीट समजून घ्यायचं तर जवळजवळ १४० वर्षं मागे जावं लागतं.

त्याआधी आपल्या गावातली एक जुनी रीत आठवू या. पैलवानाला पैसा दोन वाटांनी मिळत आला. कुस्ती मारली की फडात इनाम. आणि कुस्ती व्हायच्या कितीतरी आधी, तो अजून घडत असताना, खुराक. शाहू महाराजांनी १९१२ मध्ये खासबागेचं मैदान उभं केलं. त्याआधीपासून ते देशभरातल्या मल्लांना आश्रय देत होते, त्यांच्या दूध-तूप-बदामाचा भार दरबार उचलत होता. इनाम झालेल्या गोष्टीचं असतं. खुराक देणारा मात्र या अंगात पुढे काय दडलंय ते ओळखून पैसे घालतो आणि चुकला तर पैसेही त्याचेच बुडतात. फुटबॉलमधला मोठा करार हा खुराकाच्या जातीचा आहे. आपण प्रेक्षक त्याला इनामाच्या मापानं मोजतो, म्हणून अर्धे करार आपल्याला वेडेपणाचे वाटतात.

इंग्लंडमध्ये सुरुवातीला तर खेळायचे पैसे घेणंच नियमात बसत नव्हतं. कापड गिरण्यांच्या गावांतले क्लब स्कॉटलंडहून खेळाडू आणायचे आणि त्यांना गिरणीत नावापुरती नोकरी द्यायचे. अखेर १८८५ मध्ये फुटबॉल असोसिएशननं व्यावसायिक खेळाडूंना मान्यता दिली आणि १८८८ मध्ये लीग सुरू झाली. पण पैसे देणं कायदेशीर झाल्याबरोबर क्लबांनी दोन कुलपं ठोकली. पहिलं १८९३ चं. खेळाडूचा करार संपला तरी त्याची नोंदणी क्लबकडेच राहणार आणि क्लबच्या परवानगीशिवाय तो दुसरीकडे खेळू शकणार नाही. दुसरं १९०१ चं. कितीही मोठा खेळाडू असो, आठवड्याला ४ पौंडांच्या वर पगार द्यायचा नाही.

यातली विसंगती लगेच दिसली. १९०५ मध्ये मिडल्सब्रोनं सुंदरलँडकडून आल्फ कॉमनला घेताना १,००० पौंड मोजले. क्लबनं क्लबला हजार द्यायचे आणि ज्याच्या पायासाठी ते मोजले त्याला आठवड्याला चार! बिली मेरेडिथ आणि त्याच्या साथीदारांनी १९०७ मध्ये मँचेस्टरला खेळाडूंची संघटना काढली ती याच रागातून.

पुढची पन्नासेक वर्षं कुणाला किती द्यावं यावर क्लबला फारसं डोकं चालवावंच लागलं नाही. वरची मर्यादा ठरलेली आणि खेळाडू पळून जाणार नाही याची खात्री. टॉम फिनी हे त्या काळाचं उदाहरण मला सगळ्यात बोलकं वाटतं. प्रेस्टन नॉर्थ एंडचा हा विंगर, म्हणजे मैदानाच्या कडेनं चढाई करणारा खेळाडू, इंग्लंडच्या सर्वकालीन श्रेष्ठ खेळाडूंत गणला जातो, आणि तरीही तो जोडीला प्लंबिंगचं काम करत होता. १९५२ मध्ये इटलीच्या पालेर्मो क्लबनं त्याला देऊ केलं ते असं: करारावर सही केल्याबद्दल १०,००० पौंड, महिन्याला १३० पौंड, वर बोनस, राहायला बंगला आणि मोटार. प्रेस्टननं परवानगी नाकारली. फिनीनं निवृत्तीपर्यंत, म्हणजे १९६० पर्यंत, प्रेस्टनचाच शर्ट घातला. त्याच्या निष्ठेचे गोडवे आजही गायले जातात आणि ते गाण्यासारखे आहेतच. पण त्या निष्ठेला बाहेरून कडी होती हेही सांगायला हवं.

पहिलं कुलूप तुटलं ते पगाराचं. १९६१ च्या जानेवारीत कमाल पगार आठवड्याला २० पौंड होता. संघटनेचा अध्यक्ष जिमी हिल यानं संपाची तयारी केली आणि संपाच्या उंबरठ्यावर लीग नमली. लगेच फुलहॅमच्या जॉनी हेन्सचा पगार १०० पौंडांवर गेला. दोन वर्षांनी, १९६३ मध्ये, जॉर्ज ईस्टहॅमच्या खटल्यात न्यायाधीश विल्बरफोर्स यांनी करार संपल्यावरही खेळाडूला अडकवून ठेवणं हा त्याच्या धंद्यावर अन्यायकारक निर्बंध असल्याचा निकाल दिला. कडी सैल झाली, निघाली मात्र नाही. करार संपलेल्या खेळाडूसाठीही नव्या क्लबला जुन्या क्लबला पैसे मोजावे लागतच होते.

ती कडी काढली एका फारशा नावाजलेल्या नसलेल्या बेल्जियन खेळाडूनं. १९९० मध्ये जाँ-मार्क बोसमनचा लिएज क्लबशी असलेला करार संपला. नव्या करारात क्लबनं त्याला आधीच्या पगाराच्या चौथाई पगार देऊ केला. त्याला फ्रान्समधल्या डंकर्ककडे जायचं होतं, पण पैशांवरून व्यवहार फिसकटला आणि तो ना इकडचा ना तिकडचा राहिला. तो कोर्टात गेला. १५ डिसेंबर १९९५ ला युरोपीय न्यायालयानं निकाल दिला: करार संपला की खेळाडू मोकळा, युरोपीय संघात त्याच्यासाठी जुना क्लब दमडी मागू शकत नाही. या निकालानं दुसऱ्यांचं आयुष्य बदललं, बोसमनची स्वतःची कारकीर्द मात्र त्या पाच वर्षांत संपल्यातच जमा झाली. आज आठवड्याला लाखो पौंड घेणाऱ्या प्रत्येकावर त्याचं ऋण आहे, असं मी मनापासून म्हणतो.

आजचे मोठे करार समजून घ्यायचे तर इथपासून. कारण आता क्लबपुढे नवाच हिशेब उभा राहिला. समजा, एका खेळाडूला बाजारात ६ कोटी पौंड मिळू शकतात आणि त्याच्या कराराचं एकच वर्ष उरलंय. फिफा या जागतिक फुटबॉल महासंघाच्या नियमानुसार शेवटच्या सहा महिन्यांत तो दुसऱ्या क्लबशी बोलणी पक्की करू शकतो. म्हणजे क्लबसमोर तीन वाटा: आत्ता विका, करार वाढवा, नाहीतर पुढच्या उन्हाळ्यात फुकट जाऊ द्या. स्टीव्ह मॅकमॅनामन १९९९ मध्ये लिव्हरपूलमधून रिअल माद्रिदला असाच गेला, सोल कॅम्पबेल २००१ मध्ये टॉटनहॅममधून चक्क शेजारच्या आर्सेनलला गेला आणि २०२४ मध्ये एम्बापे पॅरिसहून माद्रिदला. नवा क्लब जुन्या क्लबला द्यायचे बदलीचे पैसे वाचवतो आणि त्यातला मोठा वाटा खेळाडूच्या पगारात आणि सहीच्या रकमेत येतो. त्यामुळे कराराची वाढ ही पुष्कळदा कौतुकाची थाप नसतेच. क्लब आपली मालमत्ता राखण्यासाठी तो खर्च करतो.

घाबरून केलेला करार कसा अंगाशी येतो, ते आर्सेनलला २०१८ मध्ये कळलं. ओझिल आणि अलेक्सिस सांचेझ, दोघांचेही करार एकाच वेळी संपत आले होते. सांचेझ जानेवारीत मँचेस्टर युनायटेडकडे गेला. दोघंही जाऊ नयेत म्हणून आर्सेनलनं ओझिलला राखलं, आठवड्याला साडेतीन लाख पौंडांच्या घरात, असं तेव्हा छापून आलं. तेव्हा त्याची तिशी जवळ आली होती. तीन वर्षांनी तो संघाबाहेर बसून बसून तुर्कस्तानला गेला. तिकडे सांचेझनं युनायटेडसाठी ४५ सामन्यांत ५ गोल केले. आणि अशा करारांचं नुकसान एका खेळाडूपुरतं थांबत नाही. एकाचा आकडा फुटला की ड्रेसिंग रूममधला प्रत्येक जण आपला एजंट घेऊन दारात उभा राहतो. तालमीच्या पदाधिकाऱ्यांना हे सांगायला नको, बाहेरून आणलेल्या खेळाडूचं मानधन घरच्या पोरांना कळतं तेव्हा काय होतं ते त्यांनी पाहिलेलं असतं.

म्हणून वय हा पहिला निकष झाला. आर्सेन वेंगर यांनी आर्सेनलमध्ये तिशी उलटलेल्यांना एकेका वर्षाचाच करार द्यायचं धोरण ठेवलं होतं. त्यापायीच २००६ मध्ये रॉबेर पिरेस व्हियारेआलला निघून गेला. तेव्हा हे कठोर वाटलं आणि पिरेसचा खेळ आवडणाऱ्या कुणालाही ते आजही टोचतं. पण धावण्यावर जगणारा विंगर तिशीनंतर लवकर उतरतो, गोलरक्षक आणि सेंटर बॅक, म्हणजे बचावफळीच्या मध्यावरचे खेळाडू, जास्त टिकतात. करार कोणत्या वयापासून कोणत्या वयापर्यंत आहे, ही आज कागदावरची पहिली ओळ असते.

२०२५ चा एप्रिल या दृष्टीनं बघण्यासारखा होता. मँचेस्टर सिटीनं केव्हिन डी ब्रॉयनला नवा करार देऊ केला नाही. आठवडाभरातच लिव्हरपूलनं मोहम्मद सालाहला दोन वर्षं वाढवून दिली. दोघांच्या वयात वर्षभराचंच अंतर. पण डी ब्रॉयनच्या मांडीच्या स्नायूनं २०२३ पासून त्याला छळलं होतं, तर सालाहनं त्याच हंगामात लीगमध्ये तोवर २७ गोल आणि १७ असिस्ट (गोलसाठी दिलेले पास) केले होते आणि दुखापतींनी तो क्वचितच बाहेर बसायचा. इनाम म्हणून पाहिलं तर डी ब्रॉयनचा हक्क तसूभरही कमी नव्हता, सिटीला त्यानं सगळं दिलं. पण सिटी पुढची दोन वर्षं मोजत होती.

याच डी ब्रॉयननं चार वर्षांपूर्वी नेमकं हेच शस्त्र क्लबवर उलटवलं होतं. २०२१ मध्ये तो एजंटशिवाय वाटाघाटीला बसला. त्यानं आकडेवारीच्या विश्लेषकांकडून अहवाल करून घेतला होता: संघाच्या खेळात त्याचा वाटा किती, तो नसेल तर काय होईल, त्याच्या तोडीच्या खेळाडूंना किती मिळतं. त्याला २०२५ पर्यंतचा करार मिळाला.

या आकडेमोडीचं मूळ जुनं आहे. चार्ल्स रीप नावाचे हवाई दलातले हिशेबनीस १९५० मध्ये स्विंडनच्या मैदानावर वही-पेन्सिल घेऊन पासेस टिपायला लागले. त्यांचे निष्कर्ष बरेचसे चुकले, पण मोजायची सवय लागली. १९९६ मध्ये खेळाची आकडेवारी गोळा करणारी ऑप्टा ही कंपनी आली. मग एक्सपेक्टेड गोल्स, म्हणजे मारलेला फटका गोल होण्याची शक्यता किती होती याचं माप आलं. करारासाठी त्याचा उपयोग सरळ आहे: एखाद्यानं २० गोल केले, पण संधींच्या दर्जावरून १२ च व्हायला हवे होते, तर पुढच्या वर्षी तो बाराकडे घसरण्याची शक्यता जास्त. वीस गोलांचा पगार देणारा क्लब फसतो. ब्रेंटफर्ड या इंग्लिश क्लबनं हे ओळखलं. ओली वॉटकिन्सला २०१७ मध्ये त्यांनी एक्सेटरकडून २० लाख पौंडांच्या आतबाहेर घेतलं आणि तीन वर्षांत ॲस्टन व्हिलाला सुमारे २ कोटी ८० लाखांना विकलं.

कराराची लांबी काही वेळा निव्वळ वहीखात्यासाठीही वाढते. चेल्सीनं २०२३ मध्ये एन्झो फर्नांडेझसाठी जवळजवळ १०.७ कोटी पौंड मोजले आणि साडेआठ वर्षांचा करार केला. बदलीची रक्कम कराराच्या वर्षांत विभागून दाखवता येते. पाच वर्षांत दाखवली तर वर्षाला दोन कोटींच्या वर, साडेआठ वर्षांत सव्वा कोटी. युएफा या युरोपीय फुटबॉल महासंघानं त्याच वर्षी ही विभागणी जास्तीत जास्त पाच वर्षांची केली, पाठोपाठ इंग्लंडच्या प्रीमियर लीगनंही.

आपल्याकडे हा बाजार फार उशिरा उघडला. पिढ्यान्‌पिढ्या चांगल्या फुटबॉलपटूचं बक्षीस म्हणजे नोकरी: रेल्वे, पोलीस, बँक, एअर इंडिया. ती निवृत्तीपर्यंत टिकायची, म्हणून घरचेही खूश असायचे. २०१४ मध्ये आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, आली, २०१५ च्या लिलावात सुनील छेत्रीला मुंबई सिटीनं १ कोटी २० लाखांना घेतलं, आणि पोरांच्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा आकडा आला. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात आपला अनिकेत जाधव भारताकडून खेळला, पुढे जमशेदपूर आणि हैदराबादकडून आयएसएलमध्येही दिसला. ऑगस्ट २०२५ मध्ये लीगचंच भवितव्य टांगणीला लागलं तेव्हा बंगळूरु एफसीनं खेळाडूंचे पगार थांबवले. करारावर आकडा असणं वेगळं आणि तो देणारी लीग उभी असणं वेगळं, हे त्यातून दिसलं.

शाहू स्टेडियमवर आजही सामना संपला की सामनावीर आणि लढवय्या खेळाडूची निवड होते, समर्थक गोल करणाऱ्याच्या हातात नोटा ठेवतात. ही इनामाची रीत जिवंत राहावी असंच मला वाटतं. पण खुराक कोण देतंय, याची नोंद मात्र कोल्हापुरात कच्ची राहते. बोसमन निकालानंतर छोट्या क्लबांचं उत्पन्न बुडू नये म्हणून फिफानं २००१ मध्ये एक नियम आणला. करार चालू असताना खेळाडू पैसे मोजून दुसऱ्या देशात गेला, तर त्या रकमेतले ५ टक्के त्याला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात: पंधरापर्यंतच्या प्रत्येक वर्षाला पाव टक्का, सोळापासून पुढे अर्धा. पाच कोटींची बदली धरली तर तेराव्या वर्षी पोराला मैदानावर आणणाऱ्या तालमीच्या वाट्याला त्या एका वर्षाचे सव्वा लाख येतात. अट एकच, त्या वर्षी त्याची अधिकृत नोंदणी त्या तालमीच्या नावावर असली पाहिजे.