नियतकालिकासाठी साहित्य मागवण्यात येत आहे

प्रवेशांची गडबड ओसरली की महाराष्ट्रातल्या बहुतेक कॉलेजांच्या फलकावर एक नोटीस लागते. वार्षिक नियतकालिकासाठी कथा, कविता, ललित, वैचारिक व संशोधनपर लेखन द्यावे. कागदाच्या एकाच बाजूस, सुवाच्य अक्षरात. सोबत पासपोर्ट आकाराचा फोटो. साहित्य स्वतःचे असावे. हल्ली या मजकुराखाली गुगल फॉर्मचा क्यूआर कोड असतो, एवढाच काय तो फरक. पण पावसावरची कविता आणि पाणीवाटपावरचा संशोधनपर लेख एकाच नोटिशीत, एकाच अंकासाठी का मागवतात? ही सवय नियतकालिकांपेक्षा जुनी आहे.

1848 साली मुंबईत एल्फिन्स्टन या शिक्षणसंस्थेच्या विद्यार्थ्यांनी, प्रोफेसर पॅटन यांच्या प्रोत्साहनाने, 'स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' काढली. दादाभाई नौरोजी तिच्या सुरुवातीच्या मंडळींपैकी. त्याच वर्षी मराठीतून काम करण्यासाठी तिची ज्ञानप्रसारक सभा निघाली आणि अध्यक्षपद व्याकरणकार दादोबा पांडुरंगांकडे आलं. सभेची रीत साधी होती. निबंध लिहून आणायचा, सगळ्यांसमोर वाचायचा आणि त्यावर होणारी चर्चा ऐकून घ्यायची. असे निबंध 1850 पासून 'मराठी ज्ञानप्रसारक' या मासिकात येऊ लागले आणि ते मासिक 1867 पर्यंत चाललं. म्हणजे छपाईचा नंबर दुसरा होता. आधी माणसांसमोर उभं राहायचं, मग कागदावर यायचं. शास्त्रीय विषय, इतिहास, समाजसुधारणा असं सगळं एकाच बैठकीत चालायचं, कारण ऐकणारा वर्ग एकच होता आणि तोही मूठभर.

या रीतीतून काय निघू शकतं याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण पुण्यातलं आहे. नीळकंठ जनार्दन कीर्तने हा डेक्कन कॉलेजचा विद्यार्थी. 1867 मध्ये त्याने पूना यंग मेन्स असोसिएशनपुढे एक निबंध वाचला. विषय होता ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास. तो ग्रंथ 1826 चा, लिहिणारा साताऱ्याला रेसिडेंट राहिलेला लष्करी अधिकारी, आणि शाळांमधून मुलं त्याच इतिहासाचं मराठी भाषांतर वाचत होती. त्या ग्रंथात कुठे काय चुकलंय आणि काय राहून गेलंय, हे विशी नुकतीच ओलांडलेल्या पोराने भर सभेत सांगितलं. निबंध पुढे 'इंदुप्रकाश' या वृत्तपत्रात छापून आला. अस्सल कागद शोधून आपला इतिहास आपणच लिहायचा, ही मराठी इतिहाससंशोधनाची परंपरा सांगताना आजही कीर्तन्यांचं नाव सुरुवातीला घेतात. आजच्या नोटिशीच्या भाषेत सांगायचं तर हे 'विद्यार्थ्याने दिलेलं संशोधनपर साहित्य' होतं. आज असा लेख कॉलेजच्या अंकात आला तर तीन पानांच्या वर जागा मिळेल का, याची मला शंका आहे.

मग मध्ये एक विचित्र काळ गेला. 1857 साली स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमातून मराठी काही वर्षांतच बाहेर फेकली गेली. तिला परत आणण्यासाठी न्यायमूर्ती रानड्यांनी बराच काळ लावून धरलं, तेव्हा कुठे विसाव्या शतकाच्या तोंडावर एम.ए.ला मराठी आली. कॉलेजची नियतकालिकं रुजली ती या वातावरणात. 'एल्फिन्स्टोनियन', 'राजारामियन', 'विलिंग्डोनियन' ही नावंच सांगतात की थाट विलायती कॉलेजांचा होता. सभेची जागा संपादक मंडळाने घेतली. साहित्य आता वाचून दाखवायचं नव्हतं, जमा करायचं होतं.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटलं. मराठवाडा विद्यापीठ 1958 चं, शिवाजी विद्यापीठ 1962 चं. तालुक्याच्या गावी कॉलेजं निघाली आणि घरात पहिल्यांदाच कुणी कॉलेजची पायरी चढलं, अशी पोरं वर्गात आली. मराठी विभाग अंकाच्या पुढच्या पानांवर सरकला, हिंदी, इंग्रजी, संस्कृत त्यामागे, शेवटी एन.एस.एस., एन.सी.सी. आणि जिमखान्याचे अहवाल. ही मांडणी आजही अनेक ठिकाणी हलत नाही.

जुना एखादा अंक हाताशी असेल तर त्यातलं 'फॉर्म नंबर 4, नियम 8 पाहा' असं लिहिलेलं पान जरूर बघा. वृत्तपत्र नोंदणीच्या 1956 च्या केंद्रीय नियमांतलं हे निवेदन. प्रकाशनस्थळ, प्रकाशनकाल, मुद्रक, प्रकाशक, संपादक, मालक. प्रत्येकाचं राष्ट्रीयत्व आणि पत्ता. प्रकाशक म्हणून बहुधा प्राचार्य, संपादक म्हणून प्राध्यापक, मालक म्हणून संस्था. ज्यांच्या प्रवेशशुल्कातून अंक निघतो त्या विद्यार्थ्यांचा या पानावर पत्ता नसतो. 'व्यक्त झालेल्या मतांशी संपादक मंडळ सहमत असेलच असे नाही' ही ओळ मात्र त्यांच्यासाठीच असते.

अशा चौकटीत काही मावेनासं झालं की मुलं बाहेर पडतात. 1954 मध्ये दिलीप चित्रे, रमेश समर्थ वगैरे तरुणांनी 'शब्द' हे अनियतकालिक, म्हणजे ठरावीक वेळेचं बंधन नसलेला छोटा अंक, छापखान्याऐवजी सायक्लोस्टाइल यंत्रावर प्रती काढून काढलं. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते औरंगाबादचं मिलिंद महाविद्यालय. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते 1950 मध्ये सुरू केलं. इथे म. ना. वानखेडे, गंगाधर पानतावणे यांच्यासारखी शिकवणारी माणसं आणि लिहिणारी मुलं एकाच बाजूला उभी होती. 1967 मध्ये तिथल्या मंडळींनी 'अस्मिता' हे नियतकालिक काढलं. पुढच्या वर्षी ते 'अस्मितादर्श' झालं आणि पानतावण्यांनी ते दीर्घकाळ चालवलं. दलित लेखकांच्या कविता, आत्मकथनं आणि त्यांवरची समीक्षा एकाच अंकात, आणि शिवाय लेखक-वाचक मेळावे. सुमारे दोनशे मैलांवरच्या मुंबईतली जुनी सभेची रीत इथे वेगळ्या माणसांनी, वेगळ्या कारणासाठी पुन्हा उभी केली होती.

आता संशोधनपर लेखनाची वाट निराळी झाली आहे. हुशार विद्यार्थी 'आविष्कार' संशोधन स्पर्धेचं पोस्टर करतो, वार्षिकांकाला कविता देतो. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018 च्या वाङ्मयचौर्यविषयक नियमांनी शोधलेखनाला टक्केवारी लावली: 10 टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, 60 च्या वर गेलं तर प्रबंधाची नोंदणीच रद्द. हे नियम मुख्यतः प्रबंध आणि शोधनिबंध समोर ठेवून केलेले आहेत. वार्षिकांकाकडे आलेली कविता व्हॉट्सअ‍ॅपवरून उचललेली आहे की नाही, हे अजूनही मराठीच्या मॅडमच ओळखतात, बहुधा दुसऱ्या ओळीतच. त्यांच्याकडे शे-दीडशे कागदांचा गठ्ठा, परीक्षेचं वेळापत्रक आणि विद्यापीठाच्या नियतकालिक स्पर्धेची शेवटची तारीख असते. त्यामुळे लेख परत देताना 'अमुक परिच्छेद पुन्हा लिही' असं सांगायला वेळ उरत नाही. लेख एकतर छापला जातो किंवा कपाटात राहतो. काही कॉलेजांत वाङ्मय मंडळ आधी भित्तिपत्रकावर लेखन लावतं, मुलं तिथेच उभ्या उभ्या वाचून त्यावर वाद घालतात, आणि अंकाची निवड त्यानंतर होते. तिथल्या अंकांत वैचारिक लेख जास्त दिसतात, असा माझा तरी अनुभव आहे.