बावटा बंदरावर, वादळ बागेत

३ जून २०२० च्या दुपारी ‘निसर्ग’ वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं आणि मुंबई थोडक्यात वाचली म्हणून टीव्हीवाल्यांनी सुस्कारा सोडला. नाशिकची धावपळ त्यानंतरची. वादळाचा जोर ओसरत होता, पण ते ईशान्येला सरकत होतं. पुणे, नगर, नाशिक या जिल्ह्यांत रात्रीपर्यंत वारा-पाऊस पोचला. निफाड-लासलगावकडे उन्हाळी कांदा चाळीत, म्हणजे साठवणीच्या हवेशीर शेडमध्ये, भरलेला. ‘वादळ कुठे धडकणार’ हे तिथे चार दिवस ऐकून पाठ झालं होतं; ‘धडकल्यावर आमच्याकडे काय’ हे मात्र कुणी नीट सांगत नव्हतं.

याचं मूळ जुनं आहे. वादळाचा अंदाज हे शास्त्र वाढलं ते गलबतं आणि बंदरं यांच्यासाठी. ‘सायक्लोन’ हा शब्दच कोलकात्यात जहाजांच्या अपघातांचे कागद तपासणाऱ्या हेन्री पिडिंग्टन यांनी १८४८ मध्ये रूढ केला, ग्रीक भाषेतल्या सापाच्या वेटोळ्यावरून. १८६४ च्या ऑक्टोबरात वादळाने कोलकाता बंदर उद्ध्वस्त केलं, हजारो माणसं गेली. पुढच्याच वर्षी बंदरासाठी इशाऱ्याची सोय झाली, आणि त्यानंतरचे दुष्काळही पाहून १८७५ मध्ये हवामान खातं उभं राहिलं. बंदरावर दिवसा बावटे, रात्री कंदील. आपल्या बातम्यांतला ‘तीन नंबरचा बावटा’ त्याच काळातला.

खात्याचं मुख्य कार्यालय कोलकात्याहून शिमल्याला, तिथून १९२८ मध्ये पुण्याला आलं. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर अजून ‘शिमला ऑफिस’च म्हणतात, शिमला कधीच सुटलं, नाव तेवढं राहिलं. तिथेच १९३२ मध्ये कृषी हवामान विभाग निघाला आणि १९४५ पासून आकाशवाणीवर शेतकऱ्यांसाठी वेगळं हवामानवृत्त सुरू झालं. म्हणजे खातं सुरू झाल्यावर शेतकऱ्याचा नंबर लागायला अर्धं शतक उलटलं.

तोवर वादळ दिसायचं ते जहाजांच्या तारांतून. ज्या समुद्रात जहाज नाही, तिथलं वादळ कळायचंच नाही. १९६० नंतर उपग्रह आले. अमेरिकेतल्या व्हर्नन ड्वोरॅक यांनी सत्तरच्या दशकात ढगांच्या वेटोळ्याचा आकार पाहून वाऱ्याचा वेग ठरवायची रीत बसवली. आपल्याकडे वादळात नेमाने विमानं पाठवत नाहीत, त्यामुळे ती रीत आजही कामी येते.

मार्ग आणि जोर यांचा हिशोब मात्र वेगळा. वादळ स्वतः फारसं चालत नाही, भोवतालचे मोठे वारे त्याला ढकलतात, आणि हे वारे संगणकांना बऱ्यापैकी पकडता येतात. म्हणून मार्गाचे अंदाज झपाट्याने सुधारले. ओडिशात १९९९ च्या महावादळात सुमारे दहा हजार माणसं गेली. २०१३ च्या ‘फायलिन’मध्ये लाखो लोक आधीच हलवले होते, बळी पन्नासच्या आत राहिले. जोराचं गणित वादळाच्या पोटात असतं. समुद्राची ऊब किती खोल, वरचा वारा वेटोळं कापतो का, मधल्या ढगांत काय चाललंय, हे बारीकसारीक हेरणं अवघड. आणि मार्गही कधी हुलकावणी देतो: जून २०१९ मध्ये ‘वायू’ सौराष्ट्रावर येणार म्हणून लाखो लोक हलवले आणि ते किनाऱ्याला वळसा घालून निघून गेलं. त्यावर खात्याची टिंगल झाली. मला ती अन्यायाची वाटते.

नाशिक समुद्रापासून सरळ रेषेत शंभर-सव्वाशे किलोमीटर, मध्ये सह्याद्री. इथवर येताना वारा मोडतो, पाऊस उरतो, आणि तो कुठल्या तालुक्यात किती पडेल हे सांगणं सगळ्यात कठीण. शिवाय नुकसानीला वादळ आलंच पाहिजे असंही नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये ‘क्यार’ रत्नागिरीसमोरच्या समुद्रात तयार झालं आणि ओमानच्या दिशेने निघून गेलं. पाठोपाठ ‘महा’ आलं, तेही इथे धडकलं नाही. मार्गाच्या नकाशात नाशिक कुठेच नव्हतं. छाटणी झालेल्या द्राक्षबागा मात्र त्या दिवसांच्या पावसात भिजत राहिल्या. मग डाऊनी ही बुरशी, मणीगळ, घडकूज.