कॉर्डलेस फोन : दोन तारांशी काडीमोड

साध्या टेलिफोनला घरची वीज लागत नसे. एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांचा सुमारे ४८ व्होल्टचा दाब तांब्याच्या दोन तारांवरून थेट घरात येई आणि त्यावरच बोलणे चाले. त्यामुळे सगळी आळी अंधारात असली, तरी रिसीव्हर उचलताच डायल टोन ऐकू येई. कॉर्डलेस फोन घेताना लोक बहुधा पल्ला, किंमत आणि आवाज यांची चौकशी करतात. वास्तविक त्याच्या गुणदोषांचा बराचसा हिशेब हँडसेटने या दोन तारांशी घेतलेल्या काडीमोडाचा आहे.

अमेरिकेतील हौशी रेडिओचालक जॉर्ज स्वाइगर्ट यांनी अशा यंत्राच्या पेटंटसाठी १९६६ मध्ये अर्ज केला आणि १९६९ मध्ये ते त्यांना मिळाले. घराघरांत मात्र हा फोन १९८० नंतरच पोहोचला. त्या काळच्या संचांचा बेस, म्हणजे टेलिफोनच्या लाइनला जोडलेली पेटी, १.७ मेगाहर्ट्झच्या आसपास, तर हँडसेट ४९ मेगाहर्ट्झवर प्रक्षेपण करी. १.७ मेगाहर्ट्झ म्हणजे मीडियम वेव्ह पट्ट्याचे अगदी टोक. शेजारच्या रेडिओची सुई कडेला नेली, की पलीकडच्या घरातले संभाषण ऐकू येण्याची शक्यता असे. दोन घरांचे संच एकाच चॅनलवर असले, तर आपल्या हँडसेटवरून दुसऱ्याच्या लाइनवर नंबर फिरवता येई आणि बिल त्या बिचाऱ्याला जाई. बेसने फक्त आपलाच हँडसेट ओळखावा यासाठी सांकेतिक क्रमांकाची सोय त्यानंतर आली. काही संचांत घंटी कानाच्या स्पीकरमधूनच वाजे, आणि फोन कानाला असताना ती वाजून श्रवणशक्तीला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. चोरून ऐकण्याविरुद्धच्या अमेरिकी कायद्याने १९८६ मध्ये मोबाइलला संरक्षण दिले, पण कॉर्डलेसचा हँडसेट ते बेस हा टप्पा वगळला. त्याला हे संरक्षण १९९४ मध्ये मिळाले.

आपल्याकडे त्याच सुमारास साधा फोन मिळण्यासाठीही वर्षानुवर्षे प्रतीक्षा यादीत थांबावे लागे. मिळालेला फोन दिवाणखान्यातल्या तिपाईवर, विणलेल्या रुमालाखाली, क्वचित डायलला छोटे कुलूप लावून ठेवलेला असे, आणि त्याचा नंबर चार शेजाऱ्यांनी ‘पी. पी.’ म्हणून, म्हणजे बोलावणे धाडण्यापुरता शेजारचा फोन म्हणून, आपल्या ओळखीत दिलेला असे. अशा घरात बोलणारा एक आणि ऐकणारे पाच. गच्चीवर किंवा आतल्या खोलीत जाऊन बोलता येणे ही चैन नव्हती, खरी गरज होती. गंमत अशी, की जुन्या कॉर्डलेसने घरातल्यांपासून आडोसा दिला, पण शेजाऱ्यांपासूनचा काढून घेतला.

तो आडोसा बऱ्याच अंशी परत आला तो डिजिटल पद्धतीमुळे. युरोपात १९९२ च्या सुमारास ठरलेल्या ‘डेक्ट’ या डिजिटल कॉर्डलेसच्या मानकात १८८० ते १९०० मेगाहर्ट्झचा पट्टा आणि संभाषण सांकेतिक करण्याची सोय होती. ते कूट अभेद्य नाही, हे २००८ मध्ये संशोधकांनी दाखवले, तरी रेडिओची सुई फिरवून ऐकण्याचे दिवस संपले. (याच मानकावर मद्रास आयआयटीने ‘कॉरडेक्ट’ ही ग्रामीण टेलिफोन यंत्रणा उभी केली.) आपल्या बाजारात २.४ गिगाहर्ट्झचे संचही खपले, पण वाय-फाय आणि मायक्रोवेव्ह भट्टी यांची वर्दळ त्याच पट्ट्यात असल्याने त्यांवर खरखर किंवा तुटक आवाजाचा त्रास होऊ शकतो. अमेरिकेतून भेट आलेल्या संचावर ‘डेक्ट ६.०’ असे लिहिलेले असते. त्यातला आकडा आवृत्तीचा नाही, जाहिरातीचा आहे. खरा फरक पट्ट्याचा. तिकडे तो १९२० ते १९३० मेगाहर्ट्झ असा आहे आणि भारतात तोच भाग थ्रीजी मोबाइलकडून टॉवरकडे जाणाऱ्या लहरींना दिला गेला, म्हणून असा संच इथे वापरणे योग्य नाही.

राहिला विजेचा प्रश्न, आणि माझ्या मते तोच सर्वांत मोठा. बेसला अ‍ॅडॉप्टर लागतो. वीज गेली की बेस बंद, आणि बहुतेक संचांत बेस बंद म्हणजे हँडसेटची बॅटरी पूर्ण भरलेली असूनही तो निरुपयोगी. महाराष्ट्रात २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत याची चांगलीच प्रचीती आली. आमच्या घरी कॉर्डलेसला समांतर जोडलेला जुना बटणांचा फोन स्वयंपाकघरातल्या फडताळावर असे. दिवे गेले की त्याचीच घंटी वाजे आणि कणकेच्या हाताने तो उचलावा लागे. बॅटरीचा खर्च वेगळाच. बऱ्याच हँडसेटमध्ये ‘एएए’ आकाराचे दोन निकेल मेटल हायड्राइड सेल असतात आणि दोनतीन वर्षांत ते दम सोडू लागतात. त्यांच्या जागी घड्याळातले साधे सेल घालून हँडसेट चार्जिंगला ठेवणे धोक्याचे आहे. तरीही गुडघ्यांनी साथ सोडलेल्या माणसाच्या उशाशी हँडसेट असणे, घंटी ऐकून धडपडत उठावे न लागणे, हा लाभ या सगळ्या तोट्यांपुढे मी हलका मानणार नाही.

आता तांब्याच्या तारांची जागा फायबर घेत आहे. काचेच्या तंतूतून वीज येत नाही. फायबर ज्या पेटीला जोडलेले असते, ती घरातल्या विजेवर चालते, त्यामुळे तिला जोडलेला वायरवाला फोनही दिवे गेल्यावर मुका होतो. तांब्याची लाइन टिकून असेल, तिथे जुना फोन समांतर ठेवणे अजूनही उपयोगाचे आहे. फायबर असेल, तिथे पेटी आणि कॉर्डलेसचा बेस हे दोन्ही इन्व्हर्टरवर घ्यावे लागतात.