गांजातले बाकीचे शंभरेक: सीबीएन, सीबीजी, टीएचसीव्ही आणि मंडळी

गांजा म्हटलं की टीएचसी, म्हणजे नशा आणणारं रसायन, आणि अलीकडे जाहिरातींमुळे सीबीडी, म्हणजे त्याचं नशा न आणणारं भावंड, एवढी दोनच नावं बहुतेकांच्या कानावर असतात. पण या झाडात याच, कॅनाबिनॉइड म्हणतात त्या, प्रकारची शंभराहून जास्त रसायनं सापडलीयेत आणि आता परदेशातल्या गमीज, तेलं, व्हेप यांच्या पाकिटांवर सीबीएन, सीबीजी, टीएचसीव्ही, टीएचसीपी अशी सगळी बाराखडी दिसायला लागलीय, कोणी झोपेसाठी विकतंय, कोणी वजन उतरवायला, कोणी आणखी कशाला. म्हटलं यात दम किती आणि हवा किती ते जरा बघूया.

सीबीएनपासून सुरू करतो, कारण सगळ्यात आधी सापडलं ते हेच, आणि तेही भारतातल्या चरसामधून. 1893-94 मध्ये ब्रिटिश सरकारने इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन नेमलं होतं, तेव्हा भांग-गांजा-चरस हा तिकडे चर्चेचा विषय होता. त्याच सुमारास केंब्रिजमध्ये वुड, स्पिव्ही आणि ईस्टरफिल्ड या तिघांनी चरस घेऊन त्याचं ऊर्ध्वपातन केलं, त्यातून दाट लालसर तेल मिळालं, 1896 मध्ये ते छापून आलं, पुढे त्याला कॅनाबिनॉल, म्हणजेच सीबीएन, म्हणायला लागले आणि नशा येते ती याचीच असं सगळ्यांनी धरून टाकलं. नंतर शुद्ध सीबीएन हातात आल्यावर कळलं की याची स्वतःची नशा फारच फिकी. खरा कारभारी टीएचसी सापडायला 1964 उजाडावं लागलं, इस्राएलमध्ये, राफाएल मेशुलाम आणि येहिएल गाओनी यांच्या हातून. त्यासाठी मेशुलाम यांनी पोलिसांकडून जप्तीतलं पाच किलो लेबनीज हशीश मागून घेतलं आणि चक्क बसमधून लॅबला नेलं, बसमधले लोक म्हणे विचारायला लागले की हा वास कसला येतोय!

तर गंमत अशी की सीबीएन झाड मुद्दाम बनवतच नाही. टीएचसीला हवा, उजेड, उष्णता लागत राहिली की त्याचं हळूहळू ऑक्सिडेशन होतं आणि सीबीएन तयार होतं, म्हणजे जुन्या पडून राहिलेल्या मालात ते जास्त. जुना माल ओढला की झोप येते अशी ओढणाऱ्यांमध्ये जुनी समजूत आहे, त्यावरून सीबीएनला झोपेचं औषध म्हणून खपवायला सुरुवात झाली. पुरावा? 2023 मध्ये एक ट्रायल आली, सलग सात रात्री 20 मिलिग्रॅम, त्यात रात्री मध्येच जाग येण्याचं प्रमाण कमी झालं पण झोप लवकर लागली असं काही दिसलं नाही. 2024 मध्ये सिडनीच्या संशोधकांना उंदरांमध्ये झोप खरंच वाढलेली दिसली, आणि त्यात शरीर सीबीएनपासून जे पुढचं रसायन बनवतं त्याचा हात असावा असं त्यांना वाटलं. म्हणजे अगदीच थाप नाही, पण पाकिटावर छापतात तेवढंही नाही.

आता सीबीजी. याला मदर कॅनाबिनॉइड म्हणतात ते उगाच नाही. झाडात आधी सीबीजीए नावाचं आम्ल बनतं आणि मग झाडातली एन्झाइम्स त्याचंच टीएचसीए, सीबीडीए वगैरे करून टाकतात, त्यामुळे फूल पिकेपर्यंत सीबीजी म्हणून उरतं ते जेमतेम एखादा टक्का. हो, ताज्या झाडात टीएचसी जवळपास नसतंच, टीएचसीए असतं आणि त्याने नशा येत नाही, उष्णता लागली की त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि मग टीएचसी. म्हणून तर चिलीम पेटवावी लागते, ताजं पान नुसतं चावून फारसं काही होत नाही. सीबीजीवर 2020 मध्ये कॅनडातल्या मॅकमास्टर युनिव्हर्सिटीत चांगलं काम झालं, एमआरएसए म्हणजे नेहमीच्या अँटिबायोटिक्सना दाद न देणारा जो जंतू, त्याच्या संसर्गावर उंदरांमध्ये सीबीजीने असर दाखवला. यावरून लगेच जखमेवर सीबीजी तेल चोळायला सांगणारे व्हिडिओ आले असतील तर मला आश्चर्य वाटणार नाही, पण उंदीर आणि माणूस यांच्यात बरीच वर्षं आणि बराच पैसा जातो.

पण मला या सगळ्यात खरं इंटरेस्टिंग वाटतं ते शेपटीचं प्रकरण. टीएचसीच्या रेणूला पाच कार्बनची एक साखळी लोंबते. मेंदूत सीबी1 नावाचा रिसेप्टर, म्हणजे पेशीवरचं एक प्रकारचं कुलूप, असतो (1988 मध्ये सापडला, आणि 1992 मध्ये आपला मेंदू स्वतःच त्याच्यासाठी बनवतो ते आनंदामाइडही सापडलं), त्या कुलपात टीएचसी किल्लीसारखं बसतं आणि ती बसण्यात या साखळीचा मोठा वाटा असतो. बाकीचा रेणू तोच ठेवून साखळी तीन कार्बनची केली की होतं टीएचसीव्ही, आणि ते कमी डोसमध्ये चक्क उलटं वागतं, कुलूप उघडायच्या ऐवजी अडवून बसतं, डोस वाढवला तर मात्र थोडंफार टीएचसीसारखं वागायला लागतं. टीएचसीने भूक खवळते, मग हे भूक मारेल, असा हिशोब करून याला वजन कमी करायचं औषध म्हणून मिरवतात. 2016 मध्ये टाइप 2 डायबिटिसच्या 62 पेशंटवर ब्रिटनमध्ये ट्रायल झाली, 13 आठवडे, टीएचसीव्ही दिवसातून दोनदा 5 मिलिग्रॅम. उपाशीपोटीची साखर उतरली, हे चांगलंच, पण वजन काही त्या मानाने हललं नाही. आणि सीबी1 अडवून वजन उतरवण्याचा एक जुना अनुभव गाठीशी आहे तो विसरून चालणार नाही: रिमोनाबँट नावाचं औषध, युरोपात 2006 मध्ये लठ्ठपणासाठी आलं, वजनही उतरवत होतं, पण लोकांना डिप्रेशन, आत्महत्येचे विचार येऊ लागले आणि 2008 मध्ये ते थांबवावं लागलं, पुढे भारतातही बंदी आली. टीएचसीव्हीने तसं होतं असं नाही, रिमोनाबँटची पकड वेगळी आणि जास्त कडक होती, पण भुकेचं बटण आणि मूडचं बटण एकाच ठिकाणी आहे एवढं तरी त्यातून दिसलं.

साखळी सात कार्बनची केली की टीएचसीपी. हे 2019 मध्ये इटलीत सापडलं, फ्लॉरेन्सच्या लष्करी औषध कारखान्यात पिकवलेल्या एफएम2 नावाच्या औषधी वाणात. टेस्ट ट्यूबमध्ये सीबी1ला टीएचसीच्या 33 पट घट्ट चिकटतं असं मोजलं गेलं, आणि झालं, इंटरनेटवर 33 पट नशा! अहो, चिकटणं वेगळं आणि नशा चढणं वेगळं. शिवाय झाडात ते इतकं नगण्य असतं की टीएचसीपीच्या गमीज विकणाऱ्याने ते फुलातून काढलं असेल ही शक्यताच सोडून द्या, ते लॅबमध्ये बनवलेलं असतं.

लॅबवरून आठवलं, अमेरिकेत 2018 च्या फार्म बिल नावाच्या शेतीविषयक कायद्याने 0.3 टक्क्यांपर्यंतच डेल्टा-9 टीएचसी (म्हणजे आपलं नेहमीचं टीएचसी) असलेलं हेम्प, म्हणजे गांजाचंच जवळपास बिननशेचं झाड, कायदेशीर केलं, मग व्यापाऱ्यांनी डोकं चालवलं, हेम्पमधलं स्वस्त सीबीडी घ्यायचं, आम्लात शिजवायचं, डेल्टा-8 टीएचसी हे टीएचसीचं नशा आणणारं जुळं भावंड बनवायचं आणि पेट्रोल पंपावरच्या दुकानात ठेवायचं. झाडातही डेल्टा-8 असतं पण चिमूटभर. अशा रिअॅक्शनमध्ये नको असलेली इतर रसायनंही तयार होतात आणि ती काय आहेत हे पाकिटावर कुठेच नसतं, नॅचरल मात्र ठळक असतं. एचएचसी या टीएचसीच्या आणखी एका लॅबमध्ये बनणाऱ्या भावंडाची गोष्ट तीच, ते युरोपात धडाक्यात विकलं गेलं, फ्रान्सने 2023 मध्ये बंद केलं आणि मार्च 2025 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या नियंत्रित यादीत गेलं. परदेशात असणाऱ्या आपल्या मुलांनी दुकानात मिळतं म्हणजे चालतं असं समजून ते बॅगेत टाकून इकडे आणू नये, आपल्याकडे 1985 चा एनडीपीएस हा अमली पदार्थविरोधी कायदा आहे आणि कस्टमवाल्यांना कार्बनची साखळी मोजत बसायची हौस नसते. आपल्याकडे बिनघोर मिळतं ते हेम्पचं बी, त्याला एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेने 2021 मध्ये खाद्यपदार्थ म्हणून मान्यता दिली, उत्तराखंडात तर त्याची चटणी पिढ्यान्‌पिढ्या खातात, आणि बियांत नशेचं काही नसतं.

शेवटी वासाबद्दल. गांजातली टर्पीन नावाची सुगंधी रसायनं कॅनाबिनॉइडना साथ देतात, याला एन्टुराज इफेक्ट म्हणतात, आणि बरीच वर्षं हे नुसतं बोललं जायचं. 2024 मध्ये जॉन्स हॉपकिन्समध्ये 20 निरोगी माणसांना टीएचसीच्या वाफेबरोबर लिमोनीन नावाचं टर्पीन दिलं, तर 30 मिलिग्रॅम टीएचसीने जी घबराट होते ती 15 मिलिग्रॅम लिमोनीनबरोबर कमी झाली, नशेच्या बाकीच्या गोष्टी साधारण तशाच राहिल्या. मिऱ्यात आणि लवंगेत भरपूर असलेलं कॅरिओफिलीन सीबी2 नावाच्या दुसऱ्या रिसेप्टरला चिकटतं हेही 2008 पासून माहीत आहे, पण म्हणून कोणी काढा पिऊन झिंगल्याचं ऐकलं नाही. आणि लिमोनीनचं वाचून कोणी संत्र्याचा रस प्या म्हणून सांगायला आलं तर त्याला नागपूरची दोन संत्री सोलायला द्या, लिमोनीन असतं ते सालीच्या तेलात, जे आपण फेकून देतो.